हिरव्या मुठीची हत्यारं

मुंगीने पटाशी तोंडात घातली होती ती धारेकडून नव्हे, मुठीकडून, एवढंच काय ते नशीब.

मुंगी हे त्या घरातलं सर्वांत लहान माणूस. रांगायला लागल्यापासून फरशीवरचा एकही कण तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून हे नाव पडलं. त्या दिवशी तिने हॉलमधल्या कॉटखालच्या लाकडी पेटीचं झाकण उचलायची युक्ती शोधून काढली, आतून सुताराची पटाशी ओढून घेतली आणि तिची हिरवी मूठ चोखत बैठक मारली. आई स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा मुंगीचे ओठ हिरवे झाले होते आणि चेहऱ्यावर मोठं काम तडीस नेल्याचं समाधान होतं.

मुंगीची आई, म्हणजे घरची सूनबाई, शिकलेली होती. शिकलेल्या आईला जितक्या गोष्टींची भीती वाटू शकते तितक्या सगळ्यांची तिला वाटे. टेबलाच्या कोपऱ्यांना तिने रबरी टोप्या घातल्या होत्या, प्लगच्या भोकांना बुचं बसवली होती, खिडकीच्या पडद्यांच्या दोऱ्यासुद्धा वर गुंडाळून ठेवल्या होत्या. आणि ह्या सगळ्या बंदोबस्ताच्या ऐन मध्यभागी करवती, पटाश्या, कानशी आणि गिरमिटं पोटात घेऊन ती पेटी खुशाल पसरली होती. जुन्या रंगात शिसं असतं हे तिने वाचलेलं होतं. डॉक्टरांनी फोनवर हसत हसत "काही होत नाही हो" म्हटलं. ते हसले म्हणून तिची काळजी दुप्पट झाली.

"ती पेटी घरातून गेली पाहिजे," तिने संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"कुठली? हत्यारांची?" नवऱ्याने आवाज खाली आणला, खरं तर सासू-सासरे घरात नव्हते, नात्यातल्या लग्नाला परगावी गेले होते. "वेडी आहेस का? बाबांचा जीव आहे त्यात."

"मुंगीचा जीव कशात आहे ते बघ की जरा."

"माळ्यावर टाकू."

"आई टाकू देतील? 'अण्णांची हत्यारं काय अडगळ आहे?' हे ऐकून झालंय माझं."

हे खरं होतं. अण्णा म्हणजे सासूबाईंचे वडील. ते सुतार होते, आणि त्यांच्या कारखान्यात रीत अशी की प्रत्येक सुताराने आपल्या हत्यारांची मूठ आपल्या रंगाने रंगवायची, म्हणजे अदलाबदल होत नाही. अण्णांचा रंग हिरवा. शेवटी शेवटी त्यांनी आपली झाडून सगळी हत्यारं जावयाला देऊन टाकली. जावई बँकेत कारकून. त्याने जन्मात खिळा सरळ ठोकला नव्हता. पण हत्यारांची त्याने जी निगा राखली तिला तोड नव्हती. दर रविवारी हे जावई, म्हणजे सूनबाईचे सासरे, पेटी बाहेर काढत, एकेक हत्यार फडक्याने पुसत, तेलाचं बोट फिरवत आणि उजेडात धरून बघत. समोर खुर्चीत बसून सासूबाई समाधानाने ते पाहत. एवढं प्रेम ज्या वस्तूवर आहे ती परस्पर काढून टाकायची म्हणजे पाप, हे सूनबाईला कळत होतं. पण ओठ हिरवे झालेली मुंगी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"मी कुणा गरजूला देणार," ती म्हणाली. "फेकणार नाही. चांगल्या हातात पडली म्हटल्यावर बाबा समजून घेतील."

"तू आणि बाबा काय ते बघा," नवरा म्हणाला आणि अंघोळीला गेला. कुठल्याही कठीण प्रसंगी त्याला अंघोळ करायची असे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भंगारवाल्याची आरोळी आली. चांगल्या हातांचा विचार बाजूला ठेवून सूनबाईने त्याला वर बोलावलं. त्याने झाकण उघडलं, एक हातोडी उचलली आणि परत हळूच ठेवली.

"वहिनी, ह्या हिरव्या मुठी काकांच्या ना?"

"हो. का?"

"मग नाही बाबा नेणार मी." त्याने कानाची पाळी धरली. "काकांचा एक पाना माझ्याकडंच पडलाय. सायकलीसाठी दिला होता त्यांनी, माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं तवा. रोज म्हणतो द्यायचा, द्यायचा. थांबा, आत्ता आणून देतो."

आणि खरोखरच आणून दिला. घरातून एक पेटी कमी व्हायची, तर उलट एक पाना वाढला. तिथेच सूनबाईने शहाणं व्हायला हवं होतं. पण तिने मोबाइल हातात घेतला.

इमारतीचा एक ग्रुप होता; घरातून त्यावर फक्त सूनबाई होती. त्यावर पाण्याच्या वेळा, हरवलेल्या चपला आणि शुभ सकाळचे फुलांचे फोटो येत. सूनबाईने पेटीचा, झाकण उघडून, छानसा फोटो काढला. मजकूर तीनदा लिहिला, तीनदा पुसला. सरळ 'फुकट न्या' म्हटलं तर सासूबाईंच्या मैत्रिणी नाक मुरडतील, म्हणून शेवटी शोभेलसं लिहिलं: 'आमच्या बाबांनी आयुष्यभर जपलेली हत्यारं आता चांगल्या घरी जावीत अशी इच्छा आहे. ज्यांना हवी असतील त्यांनी प्रेमाने घेऊन जावीत.'

मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. त्याखाली आणखी जोडलेले हात आले. मग प्रश्न आला: 'काका बरे आहेत ना?'

'एकदम छान आहेत,' सूनबाईने घाईघाईने लिहिलं. 'लग्नाला गेलेत.'

त्यावर पुन्हा जोडलेले हात.

बेल वाजली. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी दारात होत्या. हातात पदराआड काहीतरी. त्यांनी आत येऊन दार स्वतःच लोटलं आणि सूनबाईचा हात हातात घेतला.

"खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर, मावशी? बाबा ठणठणीत आहेत!"

"बरं, बरं. नको सांगूस." मावशींनी तिच्या हातावर थोपटलं. "तुझ्या सासूला तरी माहीत आहे का?"

"अहो, पण काही झालंच नाहीये! मुंगी पेटीत हात घालते म्हणून मी…"

"लेकराचं नाव पुढे करते बिचारी," मावशी स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "अगं, रविवार चुकला नाही त्या माणसाचा. तो आपणहून हत्यारं वाटायला काढतो, तेव्हा आम्हाला काय कळत नाही? हे घे." पदराआडून हिरव्या मुठीची पक्कड निघाली. "मशीनची सुई अडकली होती तेव्हा दिली होती त्यांनी. माझ्याकडेच राहिली. माणूस आहे तोवर ज्याचं त्याला दिलेलं बरं. मागाहून जिवाला लागून राहतं."

सूनबाईने ग्रुपवर पुन्हा लिहिलं, ठळक अक्षरांत: 'कृपया गैरसमज नसावा. बाबांची तब्येत उत्तम आहे.' एवढी ठासून सांगितलेली गोष्ट खोटीच असणार, ह्याबद्दल इमारतीत मग कुणाला शंका उरली नाही. तरी सेक्रेटरी जबाबदार गृहस्थ. त्यांनी खात्री करावी म्हणून काकांनाच फोन लावला. काका मांडवात होते, कानाशी बँड वाजत होता. "नंतर… नंतर बोलू," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. सेक्रेटरींनी खाली येऊन चार लोकांत सांगितलं, "आवाज फार खोल गेलाय हो. आजूबाजूला माणसं जमलेली दिसतात."

झालं. दुपारपासून जिना थांबेना. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर रंधा घेऊन आले. नुसता नव्हे, धार लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून. "काकांना निरोप द्या," ते खाकरून म्हणाले, "विलंब झाला, पण नियत खोटी नव्हती." मास्तरांना रंधा नेताना बघून समोरच्यांना करवत आठवली. करवत वर जाताना बघून तिसऱ्या मजल्याला काटकोन बघायचा गुण्या आठवला. जे इमारत सोडून पलीकडच्या गल्लीत राहायला गेले होते, तेही बातमी ऐकून आले. ज्यांच्याकडे आणलेलं हत्यार सापडेना त्यांनी बाजारातून नवं घेतलं आणि घाईघाईत हिरवं रंगवून आणलं. ओला रंग सूनबाईच्या तळव्याला लागला.

"अहो, न्या ना तुम्हीच," ती प्रत्येकाला काकुळतीला येऊन म्हणे. "बाबांनीच सांगितलंय समजा. हीसुद्धा न्या, ती पेटीतली पण न्या."

"छे छे! आता? ह्या वेळी? कुणाच्या तोंडाला शोभेल का ते?"

कुणाच्याच तोंडाला शोभेना. एकाही माणसाने एक खिळासुद्धा उचलला नाही. सोफा भरला, टीपॉय भरलं, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना करवती टेकल्या. मुंगी आयुष्यात प्रथमच इतका वेळ कडेवर राहिली आणि तिने निषेध म्हणून आईचे केस ओढले.

संध्याकाळी नवरा दार ढकलून आत आला आणि चपला काढायला जागा शोधू लागला.

"तू पेटी देणार होतीस ना?"

"देतेय."

"मग हे काय आहे?"

"येतंय."

"थांब, मी खाली जाऊन सगळ्यांना नीट समजावून सांगतो." तो तावातावाने खाली गेला. बऱ्याच वेळाने परत आला. सेक्रेटरींनी त्याला मिठी मारली होती, मावशी खांद्यावर डोकं ठेवून रडल्या होत्या, आणि त्याच्या हातात भलंमोठं गिरमिट होतं.

"घ्यावं लागलं," तो म्हणाला आणि अंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू-सासऱ्यांची गाडी फाटकाशी थांबली. लग्नातल्या जागरणाने आणि जेवणाने सासरे जरा सुस्तावलेच होते. ते उतरतात न उतरतात तोच दोन्हीकडून दोन धट्ट्याकट्ट्या माणसांनी त्यांचे दंड धरले.

"सावकाश, काका. घाई नाही."

"अहो, काय चाललंय काय? मी चालतोय की!"

"हो हो, चालताय. छान चालताय," सेक्रेटरी मागून गहिवरून म्हणाले.

"पडलात की काय तुम्ही कुठे?" सासूबाईंनी घाबरून नवऱ्याला विचारलं. "मला न सांगता?"

जिन्याच्या प्रत्येक वळणावर माणसं उभी होती. सासऱ्यांना कुणी हात जोडत होतं, कुणी मान खाली घालत होतं. अशी वरात घरापर्यंत पोचली. सूनबाईने दार उघडलं आणि ती भिंतीला लागून उभी राहिली. आता पेटीचं सगळं उघडं पडणार, आणि बाबांच्या नजरेला नजर कशी द्यायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सासरे उंबऱ्यात थबकले. समोरचा हॉल हिरवा झाला होता. त्यांची नजर सोफ्यावरून टीपॉयवर, टीपॉयवरून टीव्हीकडे, तिथून मास्तरांच्या रंध्यावर आणि भंगारवाल्याच्या पान्यावर गेली. चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी दाराची चौकट धरली.

"पाणी आणा, पाणी!" मास्तर ओरडले. "बघा, म्हटलं नव्हतं?"

पण पाण्याच्या आधी सासूबाईंचा हंबरडा ऐकू आला, आणि तो आनंदाचा होता. "अगं बाई! अण्णांची करवत! आणि हा गुण्या… अहो, हा तर मी लहान असताना अण्णा मला धरायला लावायचे!" त्या एकेक हत्यार उचलून छातीशी धरू लागल्या. "कुणी केलं हे सगळं? कुणी गोळा केलं?"

सगळ्यांची बोटं सूनबाईकडे वळली.

"माझ्या पोटच्या पोरीला सुचलं नसतं गं!" सासूबाईंनी तिला आणि मुंगीला एकदमच कवेत घेतलं. हातात अजून करवत होतीच, ती सूनबाईने नवऱ्याला डोळ्यांनी खुणावून काढून घ्यायला लावली.

मग हळूहळू आजाराच्या अफवेचा उलगडा झाला. काकांना काहीही झालेलं नाही, हे सासूबाईंच्या तोंडून ऐकल्यावर मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला. थोडी हिरमुसलीही. मास्तरांनी जाताना आपण लावलेल्या धारेकडे एकवार हळहळून पाहिलं.

सूनबाई सासऱ्यांना शोधत गच्चीच्या दाराशी गेली. ते कठड्याला टेकून उभे होते, पाठमोरे.

"बाबा, मला माफ करा. मी जमवलं नाही हे. मी पेटी देऊन टाकणार होते. मुंगीसाठी."

"कळलं मला." ते वळले. डोळ्यांत पाणी होतं. "भंगारवाल्यानेसुद्धा आणून दिला?"

"हो."

"भंगारवाल्याने!" त्यांचा आवाज चिरकला. "अगं, कुणावर भरवसा ठेवायचा माणसाने?"

"म्हणजे?" सूनबाईने विचारलं.

"पोरी, सासऱ्याने प्रेमाने दिलेली वस्तू फेकता येत नाही, विकता येत नाही, दुसऱ्याला देऊन टाकली तर तुझी सासू आठवडाभर बोलत नाही. पण उसनी द्यायला तिची ना नाही. उलट कौतुक! 'अण्णांची हत्यारं अजून लोकांच्या कामाला येतात.' अर्धं आयुष्य खर्ची घातलंय मी ह्यात. माणूस पारखून, निवडून एकेक हत्यार घालवलं. तीन पेट्या होत्या घरात, तीन! एकावर आणलं होतं मी. रिटायर होऊन निवांत तीही संपवणार होतो."

"पण मग दर रविवारी ते तेल, ते पुसणं…"

"गंजकी वस्तू कोण उसनी नेईल?"

सूनबाईला हसू येत होतं की रडू ते तिचं तिला कळेना.

"ह्याचं शास्त्र असतं," सासरे हळूहळू खुलले. इतक्या वर्षांत हे सांगायला त्यांना कुणी मिळालं नव्हतं. "'पाच मिनिटांत आणून देतो' म्हणणारा उत्तम. त्याला खुशाल द्यावं, वस्तू परत दिसत नाही. 'संध्याकाळपर्यंत लागेल' म्हणणारा धोक्याचा. तो हिशेब करून बोलतो, खरंच आणून देतो. आणि नेताना वस्तूकडे निरखून बघणाऱ्याला तर चुकूनही देऊ नये."

दोघांनी मिळून दुसऱ्याच दिवशी प्रयोग केला. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू "पाच मिनिटांत देतो" म्हणून हातोडी घेऊन गेला. चार मिनिटांत परत आला. ती कालची शोभा बघितल्यापासून इमारतीतलं कुणीही हिरव्या मुठीची वस्तू रात्रभर घरात ठेवायला तयार नव्हतं. माळ्यावरच्या दोन रिकाम्या पेट्या काढून हत्यारं भरली; दोन पेट्या कॉटखाली गेल्या, तिसरीला जागाच नव्हती म्हणून ती हॉलच्या मधोमध राहिली, आणि तिच्याभोवती सूनबाईने उशांचा कोट उभारला. मुंगीने तो अर्ध्या तासात जिंकला.

उशा परत रचून देताना सासरे घुटमळले.

"एक विचारू? राग नको मानूस. तुझा भाऊ… त्याने मागे आपली शिडी नेली होती."

सूनबाईचे कान लाल झाले. माहेरचा हा एकच विषय तिला टाळावासा वाटे. दादा मनाने सोन्यासारखा, पण नेलेली वस्तू परत द्यायची असते हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सासरी एकदाही कुणी शिडीचं नाव काढलं नव्हतं, हे ती त्यांचा मोठेपणा समजत आली होती.

"मी आजच सांगते त्याला, बाबा. उद्याच्या उद्या…"

"नको, नको!" सासऱ्यांनी तिचा हात धरला. "तसं काही करू नकोस. अगं, पक्कड कुणीही ठेवून घेईल, खिशात मावते. पण शिडी! ती घरात लपत नाही, रोज पायात येते, रोज आठवण करून देते. तरी त्याने परत केली नाही. हे साधं काम नाही." त्यांनी तिचा हात सोडला. "असा माणूस आपल्या नात्यात आहे, आणि मी बाहेर वणवण करत राहिलो."

सूनबाईने मुंगीकडे पाहिलं. तिच्या हाती कानस लागली होती. एका बाजूला माहेरचं नाव होतं, दुसऱ्या बाजूला ही. फार विचार करावा लागला नाही. तिने दादाला फोन लावला.

दादा रविवारी मित्राचा टेम्पो घेऊन आला. त्याला घरात कपाटं स्वतः करायची होती, म्हणजे फोनवर बोलता बोलता ती त्याला करायची झाली होती. सासूबाईंनी पेट्या स्वतः पुसून दिल्या. "माहेरच्या माणसाला नाही कशाला म्हणायचं? ने बाळा. अण्णांना बरं वाटेल." दादा आणि नवरा दोघांनी मिळून तिन्ही पेट्या खाली नेल्या. हॉलची फरशी उघडी पडली. सूनबाईने ती दोनदा पुसली, हात फिरवून बघितली आणि मुंगीला खाली सोडलं. मुंगी ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कुठेही न अडता रांगत गेली आणि तिथे बसून टाळ्या वाजवू लागली.

सगळे दादाला निरोप द्यायला खाली आले. टेम्पो सुरू झाला. दादाने नेहमीच्या मोकळेपणाने हात हलवला. "काका, झालं काम की लगेच आणून देतो हं!"

'लगेच' ऐकून सासऱ्यांचा चेहरा फुलला. इतकी चांगली खूण त्यांना कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. आनंदाच्या भरात ते पुढे झाले, खिडकीतून हात घालून त्यांनी दादाचा खांदा दाबला आणि तोंडातून निघून गेलं, "अरे, सांगायला कशाला हवं? तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

दादाने इंजिन बंद केलं.

तो खाली उतरला आणि भर रस्त्यात सासऱ्यांच्या पाया पडला.

"काका, आजवर मला असं कुणीच म्हणालं नव्हतं. घरचेसुद्धा नाही." त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "माझा शब्द आहे. पुढच्या रविवारी ह्या वेळी सगळं दारात आणून ठेवतो. एकूण एक."

टेम्पो वळणापलीकडे गेला तरी सासरे हात तसाच वर धरून उभे होते. सूनबाई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. दादाला ती लहानपणापासून ओळखत होती, आणि असा चेहरा तिने त्याचा कधी पाहिला नव्हता.

"बाबा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आणेल हो तो."